देवळालीचा ताप, पुण्याचा टॅप

गेल्या महिन्यात पुण्याला भाचीकडे दोन दिवस राहायला गेलो होतो. सकाळी तिने चहाचा कप ज्या गोल पुठ्ठ्यावर ठेवला, त्यावर रोमन लिपीत ठळक अक्षरांत एक नाव छापलेलं होतं. कप बाजूला केला, चष्मा लावला आणि वाचलं: डूलाली. त्याच्याखाली, टॅपरूम.

"हे कुठलं गं?"

"मुंबईत होते तेव्हाचं, मामा. ताज्या बिअरची जागा आहे. ग्लासखाली ठेवतात तो पुठ्ठा."

"आणि नावाचा अर्थ?"

"वेडसर. डोकं फिरलेला. इंग्रजी शब्द आहे."

मी तीस वर्षं देवळाली कॅम्पात राहतो. पुठ्ठा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "हे आपल्या गावाचं नाव आहे."

तिला आधी पटेना. मग सगळं सांगावं लागलं, आणि सांगता सांगता माझंच कुतूहल वाढत गेलं.

१८६१ साली ब्रिटिश लष्कराने नाशिकजवळ देवळालीला छावणी उभारली. विलायतेहून मुंबई बंदरात उतरलेले सैनिक आधी इथे येत, आणि हिंदुस्थानातली मुदत संपलेले सैनिक परतीच्या जहाजासाठी इथेच येऊन थांबत. सैनिकांची जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटायची. त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर मुदत संपलेल्या शिपायाला पुढच्या हंगामापर्यंत इथे नुसतं पडून राहावं लागे. हाताला काम नाही, घर हजारो मैलांवर, वर आमच्याकडचा उन्हाळा, पाठोपाठ पावसाळा आणि हिवताप. कित्येकांचं चित्त ठिकाणावर राहत नसे. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या जुन्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या मुक्कामाबद्दल लिहिलं आहे. असं कुणाचं चित्त ढळलं की सोबतचे शिपाई म्हणत, याला 'डूलाली टॅप' झाला.

यातला टॅप म्हणजे आपला ताप. हिंदुस्थानी बोलीत तापाला तप म्हणतात. फारसीतही तोच शब्द, आणि मूळ संस्कृतातल्या तप् धातूशी एकच. म्हणजे देवळालीचा ताप. शिपायांनी तो इंग्लंडला नेला. तिथे हळूहळू तापाचा भाग गळून पडला आणि नुसतं गावाचं नाव उरलं. शंभरेक वर्षं इंग्रजी बोलणारी माणसं डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणत आली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना हे एका गावाचं नाव आहे याची कल्पना नसते. २००९ साली पुण्यात याच नावाची मायक्रोब्रुअरी निघाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. पुढे ती मुंबईला गेली. अशा रीतीने नाशिकहून निघालेला शब्द विलायतेला वळसा घालून दीडदोनशे किलोमीटरवरच्या पुण्यात परत आला.

देवळाली या नावात देऊळ आहे आणि देऊळ हे 'देवकुल' झिजून झालेलं. देवाच्या घरापासून निघालेला शब्द शिपायाच्या वेडापर्यंत गेला आणि तिथून बिअरच्या ग्लासखाली येऊन बसला. मला यात विटाळ वाटत नाही. शब्द जिवंत असले की ते फिरतात.

टॅपरूममधला टॅप मात्र निराळ्या घरचा. जुन्या इंग्रजीत टॅप म्हणजे पिंपाच्या भोकात ठोकलेली लाकडी खुंटी, बूच. खुंटी काढली की पेय वाहू लागतं, म्हणून पुढे तोटीलाही टॅप म्हणू लागले. आणि जिथे पिंपातून काढून ग्लासात देतात ती खोली टॅपरूम. त्या पुठ्ठ्यावर टॅप एकदाच छापलेला आहे. देवळालीच्या माणसाला तो दोनदा ऐकू येतो.

आणि पिंप? तेही याच गोतावळ्यातलं. पोर्तुगीज भाषेत 'पीपा' म्हणजे दारूचं मोठं लाकडी पीप. पोर्तुगीजांकडून ते आपल्याकडे आलं, अनुस्वार घेऊन मराठी झालं, आणि आता आपण त्यात पाणी साठवतो, धान्य ठेवतो. उन्हाळ्यात टँकर आला की बायका पिंपं घेऊन धावतात, तेव्हा त्या शब्दात मुरलेला द्राक्षांचा वास कुणाला येत नाही.

भाची ऐकत होती. म्हणाली, "मग मामा, आज संध्याकाळी तू चलच. फळ्यावर इतकी नावं असतात, मला त्यातलं एकही धड कळत नाही. सगळी सांग."

पुण्याचा हा भाग मला परका आहे. माझं पुणं मंडई, अप्पा बळवंत चौक आणि टिळक रस्त्यापाशी संपतं. मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडी या पट्ट्यात गेल्या पंधरा वर्षांत ज्या मायक्रोब्रुअरी निघाल्या, त्या मी पहिल्यांदाच पाहत होतो. एका बाजूला काचेची भिंत, काचेपलीकडे माणसाहून उंच पोलादी टाक्या, आणि अलीकडे टेबलं. बिअर ज्या टाकीत तयार झाली तिच्यापासून वीस पावलांवर ती प्यायली जाते. ही गोष्ट मला फार आवडली. गुऱ्हाळावर उभं राहून ताजा रस प्यावा तसं.

फळ्यावर खडूने सहा नावं लिहिली होती. पिल्सनर सोपं होतं. बोहेमियातल्या, म्हणजे आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेन गावाचं ते पिल्सनर, जसं पुण्याचं पुणेरी आणि कोल्हापूरचं कोल्हापुरी. १८४२ साली योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने तिथे सोनेरी, स्वच्छ, आरपार दिसणारी बिअर केली आणि तिने जग जिंकलं. पिल्सनर ही लागर जातीची, आणि लागर शब्द मात्र मला थांबवून गेला. जर्मनमध्ये 'लागर' म्हणजे कोठार, माल पडून राहतो ती जागा; धातूचा अर्थच पडून राहणं. ही बिअर थंड तळघरात कित्येक आठवडे मुरत ठेवतात म्हणून ती लागर. आणि जर्मनमध्ये याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे छावणी, कॅम्प. सैन्य जिथे मुक्काम ठोकून पडतं ती जागा. थांबल्याने बिअर निवळते. माझ्या गावात थांबून शिपायांचं काय झालं ते वर सांगितलंच.

दुसरं नाव होतं गव्हाच्या बिअरचं. जर्मनीत हिला 'वाइसबीर' म्हणतात, म्हणजे पांढरी बिअर. बेल्जियममध्ये 'वित', तेही पांढरंच. इंग्रजी व्हाइट, जर्मन वाइस आणि आपलं श्वेत ही सख्खी भावंडं आहेत. त्यांचं आणखी एक भावंड म्हणजे व्हीट, गहू. गव्हाचं पीठ पांढरं, म्हणून 'पांढरं धान्य' हेच त्याचं नाव झालं. भाषाशास्त्राच्या पुस्तकात हे मी पूर्वी वाचलं होतं. पण समोर गढूळ, पांढुरका ग्लास आला आणि पहिल्या घोटाला धन्यांचा वास आला, तेव्हा ते खरं वाटलं. बेल्जियन पद्धतीत या बिअरला धने आणि संत्र्याची साल घालतात. गरम मसाल्यात बसणारे धने तिथे भेटतील असं वाटलं नव्हतं.

तिसरं नाव पोर्टर, आणि याच्यावर मी बराच रेंगाळलो. अठराव्या शतकात लंडनच्या बाजारांत आणि नदीच्या धक्क्यावर हजारो हमाल ओझी वाहत. त्यांना परवडणारी, पोटाला आधार देणारी, गडद तपकिरी बिअर. पिणाऱ्यांच्या नावावरून तिला पोर्टर म्हणू लागले. पोर्टर म्हणजे हमाल. लॅटिनमध्ये 'पोर्तारे' म्हणजे वाहणं, आणि अरबी 'हमल' म्हणजेही ओझं वाहणंच, ज्याच्यावरून आपला हमाल झाला. मराठीत सांगायचं तर या बिअरचं नाव 'हमाली'. ज्या शहरात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली आणि जिथे 'कष्टाची भाकर' या नावाने कष्टकऱ्यांसाठी स्वस्त जेवणाची केंद्रं चालली, त्या शहराच्या फळ्यावर हमालांच्या नावाची बिअर लिहिलेली असते. तो ग्लास आज कुठल्याही हमालाला परवडणारा नाही. नाव राहिलं आणि माणूस बाहेर गेला, हे मला लागलं, आणि भाचीलाही मी ते बोलून दाखवलं. पोर्टरपेक्षा कडक ती 'स्टाउट पोर्टर', पुढे नुसतीच स्टाउट. या शब्दाचा आजचा अर्थ जाडजूड असला तरी दारूच्या संदर्भात तो तगडी, कडक असाच होता.

मग आयपीए. इंडिया पेल एल. आपल्या देशाचं नाव असलेली ही बिअर जगभर आज क्राफ्ट बिअरचा झेंडा होऊन बसली आहे. तिची एक गोष्ट सगळीकडे सांगतात: लंडनच्या बो भागातल्या हॉजसनने हिंदुस्थानच्या लांब प्रवासात टिकावी म्हणून जास्त हॉप, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालून ही नवी बिअर शोधून काढली. गोष्ट सुटसुटीत आहे, पण खरी नाही. फिकट आणि जास्त हॉपची बिअर इंग्लंडात आधीपासून होती, आणि हॉजसनचा कारखाना ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ असल्याने कप्तान ती त्याच्याकडून घेत, एवढाच योग. शिवाय पोर्टरही इकडे भरपूर येई आणि व्यवस्थित टिकून येई. साहेब लोकांना पेल एल, गोऱ्या शिपायांना पोर्टर, अशी साधारण विभागणी होती. नावात 'इंडिया' आलं ते बाजारपेठ म्हणून, कारण हा माल तिकडे पाठवायचा. हे नाव सापडतं त्या सर्वांत जुन्या जाहिरातींपैकी एक १८२९ सालची आहे, ती ऑस्ट्रेलियातल्या सिडनीची. इथल्या मातीतलं, इथल्या हातचं तिच्यात काही नव्हतं. म्हणून आयपीए या नावाचा अभिमान बाळगण्यात मला अर्थ दिसत नाही. डूलाली हा शब्द आपला आहे, आयपीए नाही.

एवढ्यात काचेपलीकडे काम करणारा तरुण बाहेर आला. सांगलीकडचा, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला. भाचीची ओळख होती. माझ्या कुतूहलाचं त्याला बरं वाटलं असावं. त्याने आत नेऊन सगळं दाखवलं. त्याच्या बोलण्यात मॅश, वर्ट, फर्मेंट, स्पेंट ग्रेन असे शब्द भराभर येत होते. मी विचारलं, "घरी आजीला कसं सांगता हे?"

तो थांबला, मग हसून म्हणाला, "काका, आजीला सांगितलं की सातूला मोड आणायचे, वाळवायचे, थोडे भाजायचे, भरडायचे, कोमट पाण्यात भिजत घालायचे, गाळून चोथा गुरांना द्यायचा आणि निवळ उकळून आंबवायची. आजी म्हणाली, एवढंच होय!"

त्या एका वाक्याने माझी संध्याकाळ सार्थकी लागली. ज्याला माल्ट म्हणतात ते मोड आलेलं, वाळवलेलं धान्य आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या होतं. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून, दळून बाळासाठी जे सत्त्व करतात, ते नाचणीचं माल्टच आहे. आणि माल्ट हा शब्दही परका नाही. त्याचा धातू मऊ होणं, विरघळणं या अर्थाचा. इंग्रजी मेल्ट त्याच कुळातला आणि संस्कृत मृदुसुद्धा. मृदु झिजत झिजत मराठीत मऊ झाला. मोड आले की टणक सातू दाताखाली भुसभुशीत, मऊ लागतो. माल्ट आणि मऊ हे चुलत भाऊ आहेत.

यीस्टची गोष्ट याहून सुंदर आहे. जुन्या इंग्रजीत 'गिस्त', म्हणजे फेस, फसफस. त्याच्या मुळाशी जो धातू आहे तोच संस्कृतात यस्. वैदिक भाषेत त्याला उकळणं, फेसाळणं असा अर्थ होता. पुढे अर्थ सरकला आणि धातुपाठात तो 'प्रयत्न करणं' असा नोंदला गेला. उकळी फुटेपर्यंत जीव ओतणं, असा त्यातला दुवा. या यस् पासून आपल्याकडे आयास आले, प्रयास आले, सायास आले. आपण सहज 'विनासायास' म्हणतो तेव्हा त्या शब्दाच्या पोटात यीस्टचा सख्खा भाऊ बसलेला असतो. टाकीच्या काचेतून मी तो फेस वर येताना पाहिला. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी असाच एखादा रांजण पाहिला असेल आणि आतलं काहीतरी धडपडतंय असं त्याला वाटलं असेल. १५१६ सालच्या बव्हेरियाच्या प्रसिद्ध शुद्धतेच्या कायद्यात बिअरचे घटक म्हणून सातू, हॉप आणि पाणी एवढीच नावं आहेत. यीस्ट हा सजीव आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. भाषेने मात्र धडपड हा शब्द आधीच त्याच्या नावावर लिहून ठेवला होता.

बिअर शब्दाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. मठांतल्या लॅटिनमधल्या पिणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला असं काहीजण मानतात. तसं असेल तर संस्कृत पिबति आणि मराठी पिणे त्याच घरातले ठरतात. पाणी म्हणजे 'पानीय', पिण्याजोगं. मध आणि मीड यांच्याबद्दल मात्र शंका नाही: संस्कृत मधु, इंग्रजी मीड, ग्रीक मेथू, सगळी एका आईची लेकरं. मध आंबवून केलेली ही मीड आता पुण्यात आणि आमच्या नाशिकमध्येही तयार होते. नाशिकच्या एका मीडचं नाव सेराना आहे, म्हणजे आपल्या सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावातला शब्द. वेदांतल्या मधूकडे परत जाणारी ही वाट मला आयपीएपेक्षा कितीतरी जवळची वाटते.

रात्री परतताना रिक्षातून एक पाटी दिसली: 'परमिट रूम व बिअर बार'. महाराष्ट्रात ही पाटी इतकी सवयीची आहे की आपण तिचा अर्थ वाचतच नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने या राज्यात प्यायला परवाना लागतो. परवानाधारकाने जिथे बसून प्यायचं ती खोली परमिट रूम. इंग्रज आपल्या जागेला पब म्हणतो, म्हणजे सर्वांचं घर. किंवा टॅपरूम म्हणतो, पिंपाच्या तोटीवरून. आपल्या जागेचं नाव कागदावरून पडलं आहे.

आणि मग लक्षात आलं की मराठीत या विषयातले जवळपास सगळे रुळलेले शब्द कागदाकडूनच आले आहेत. गुत्ता म्हणजे मूळचा मक्ता, कंत्राट. कन्नडमधून आलेला शब्द. दारू विकण्याचा मक्ता सरकार लिलावाने देई, म्हणून दुकानच गुत्ता झालं. मराठवाड्यात आजही रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात, आणि त्या शब्दाला दारूचा वासही नाही. आबकारी फारसी, आब म्हणजे पाणी, आणि अर्थ कर वसूल करणारं खातं. देशी दारूच्या दुकानाच्या पाटीवर पहिला शब्द 'सरकारमान्य'. खुद्द दारू हा शब्दसुद्धा फारसीत औषध या अर्थाचा आहे. आपल्या दवादारूत तो अर्थ अजून शाबूत आहे, आणि तोफेच्या भुकटीलाही दारू म्हणाले, त्यावरून दारूगोळा. दारूबंदीचा शब्दशः अर्थ औषधबंदी होतो, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

एका बाजूला हे सरकारचे शब्द, आणि दुसऱ्या बाजूला पिणाऱ्याचे: झिंगलेला, तर्र, टुन्न, बेवडा. त्यांची मराठीत मुळीच वाण नाही. करणाऱ्याचे शब्द कुठे गेले?

ते होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचा आख्खा अध्याय आहे. त्यात अधिकारी आहे, कर आहे, दंड आहे, पण करणाऱ्याची कृतीही मापासकट आहे. मेदक नावाचं पेय पाणी, तांदूळ आणि किण्व घालून करावं, असं तिथे सांगितलं आहे. तांदळाची बिअरच ती. आणि किण्व, म्हणजे आंबवण्याचा गोळा, कशाचा? उडदाचा कल्क आणि त्यात तांदूळ. रात्री इडलीचं पीठ भिजवणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे वाचून दाखवा, ती लगेच ओळखेल. आज किण्वन हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात आहे. बोलण्यात आपण आंबवणंच म्हणतो. मुळाशी अम्ल, म्हणजे आंबट करणं. आंबील त्यातलीच, आंबोळी त्यातलीच. दही लागणं, पीठ फुगणं आणि मद्य होणं या तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकाच आंबटपणात घालतो. सांगलीच्या त्या मुलाला हाच एक शब्द बोचत होता. तो म्हणाला, "आंबली तर आमची फुकट जाते, काका. आम्हाला फसफसायला हवी असते." त्याला यस् धातू माहीत नव्हता, पण शब्द त्याने अचूक निवडला होता.

गोव्यात करणाऱ्याचे शब्द टिकले, कारण तिथे करणाऱ्याला लपावं लागलं नाही. ताडीला तिथे अजून सूर म्हणतात, थेट सुरेवरून. पावाचं पीठ पूर्वी याच सुरेने फुगवत. काजूची पहिली धार हुर्राक, मूळ अरबी अरक, म्हणजे घाम. भांड्याला सुटलेल्या थेंबांवरून. आणि फेणी म्हणजे फेन, फेस. ओतताना ग्लासात जे बुडबुडे येतात त्यांवरून आलेलं हे नाव. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ज्या वर्षी पुण्यात डूलाली निघाली त्याच वर्षी.

आपल्याकडे करणाऱ्याचा एक शब्द मला वर्तमानपत्रात भेटतो. गडचिरोली, चंद्रपूरच्या बातम्यांत असतं, 'पोलिसांनी इतके किलो मोहफुलांचा सडवा नष्ट केला.' सडवा म्हणजे फसफसायला टाकलेली मोहाची फुलं. इंग्रजीत ज्याला वॉश म्हणतात, त्याला नेमका मराठी शब्द. तो शब्दकोशात शोधायला कुणी जात नाही. तो कळतो पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातून, आणि तोही 'नष्ट केला' या क्रियापदाला जोडून. भट्टीचंही तसंच. कारवाईत ती उद्ध्वस्त होते, पण गाणं रंगलं, रस्सा जमून आला की आपण मनापासून म्हणतो, आज भट्टी छान जमली. कसल्याही भट्टीचं असो, कारागिराचं समाधान या एका वाक्प्रचारात तेवढं राहिलं आहे.

मला पिण्याचं कौतुक नाही. दारूने मोडलेली घरं मी आमच्या आळीत पाहिली आहेत, आणि अशा घरांतल्या बायकांनी गावोगाव दारूबंदीसाठी मतदान घडवून आणलं ते योग्यच केलं, असं माझं मत आहे. पण एखाद्या कामाचे शब्द गेले की ते काम काय होतं हे समजून घ्यायची सोयही जाते. त्या पुणेरी फळ्यावर सहा नावं होती. पिल्सनरमध्ये एक गाव होतं, पोर्टरमध्ये राबणारी माणसं होती, लागरमध्ये एक कोठार होतं. मराठीत यातलं काहीच नव्हतं, आणि तरी मोड, भरड, निवळ, चोथा, फेस, फसफस हे सगळे शब्द स्वयंपाकघरात हाताशी पडून आहेत. नव्या कारागिरांनी ते वापरावेत. फळ्यावर माल्ट लिहायच्या ऐवजी 'मोड आलेला सातू' लिहिलं तर गिऱ्हाईक पळून जाणार नाही, उलट विचारेल.

निघताना भाचीने तो पुठ्ठा मला दिला. आता तो देवळालीत माझ्या टेबलावर आहे.

आणि वाचकांना एक विनंती. मेळघाटात, गडचिरोलीत, डांगाच्या सीमेवर किंवा तळकोकणात माडीच्या वाडीत तुमचं कुणी असेल, तर मोह टाकणाऱ्या, माड चढणाऱ्या, मडकी लावणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. भांड्याला काय म्हणतात, पहिल्या धारेला काय, उरलेल्या चोथ्याला काय, फेस वर आला की त्या अवस्थेला काय, ते त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या. गावाचं नाव आणि तारीख घालायला विसरू नका.